पोटॅशच्या गोणीतला पॉझिट्रॉन

तापीकाठच्या कुठल्याही केळीवाल्याच्या शेडमध्ये डोकावा. ठिबकची टाकी, फवारणीचा पंप, बुरशीनाशकाचे रिकामे डबे आणि भिंतीशी थप्पी लावलेल्या पांढऱ्या पोटॅशच्या गोण्या. घड भरायला लागला की केळीला पोटॅश लागतं, हे चोपडा-यावल-रावेरकडच्या शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. ठाऊक नसतं ते हे, की त्या गोणीत क्षणोक्षणी प्रतिद्रव्य तयार होत असतं.

थट्टा करत नाही. निसर्गातल्या पोटॅशियमचे दहा हजार अणू मोजले तर त्यात एखादा पोटॅशियम-४० निघतो. हा किरणोत्सारी. त्याचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मे अणू मोडायला लागणारा काळ, सव्वाशे कोटी वर्षांचं, त्यामुळे पृथ्वी घडली तेव्हा जे मातीत आलं त्यातलं अजून थोडं शिल्लक आहे. हा अणू मोडतो तेव्हा बहुतेक वेळा इलेक्ट्रॉन बाहेर टाकतो. पण लाखात एकदा तो पॉझिट्रॉन टाकतो, म्हणजे इलेक्ट्रॉनचा प्रतिकण. वजन तेच, बाकी सगळं तेच, फक्त विद्युतभार उलटा. पन्नास किलोच्या गोणीत साधारण पंचवीस किलो पोटॅशियम धरलं आणि कागदावर हिशेब केला, तर सेकंदाला सात-आठ पॉझिट्रॉन येतात. गोणीच्या बाहेर मात्र एकही पडत नाही. थोडंसं अंतर जातो, शेजारचा एखादा इलेक्ट्रॉन गाठतो आणि दोघंही नाहीसे होतात.

मी कॉलेजात फिजिक्स शिकवतो. हा हिशेब फळ्यावर केला की वर्ग जागा होतो. एका केळ्यात हेच तास-दोन तासांतून एकदा घडतं आणि आपल्या शरीरात मिनिटाला दोन-तीनदा, असं सांगितलं की पोरं आपल्याच हाताकडे बघायला लागतात. एकाने गंभीरपणे विचारलं होतं, "सर, मग आपलं केळं एक्स्पोर्टला अडकणार नाही ना?" घरी बाग असणार. त्याला सांगितलं, की केळं खाल्ल्यानं शरीरातलं पोटॅशियम वाढून राहत नाही, जास्तीचं मूत्रपिंडं बाहेर टाकतात, आणि भाव पडायला पॉझिट्रॉनची गरज नसते, व्यापारी पुरेसे असतात.

हे सगळं इतके दिवस माझ्यासाठी वर्गातलं होतं. नानांना लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कर्करोग, निघाला तेव्हा ते घरात आलं.

नाना म्हणजे माझे मोठे काका. चोपड्याकडे बाग. मानेखाली गाठ आली, दुखत नव्हती म्हणून त्यांनी कापसाची वेचणी होईपर्यंत कुणाला दाखवली नाही. मग बायोप्सी झाली, किमो सुरू झाली, आणि काही सायकल झाल्यावर डॉक्टर म्हणाले, आता पेट स्कॅन करून बघू, औषध लागू पडतंय का ते कळेल. त्यासाठी नाशिकला जायचं ठरलं. आदल्या दिवसापासून गोड बंद, भात बंद, केळं तर बंदच. सहा तास उपाशी. रात्री निघालो, धुळ्याला चहासुद्धा त्यांनी घेतला नाही, आणि उजाडताना सेंटरच्या दारात होतो.

तिथं कळलं, डोस आलेला नाही. सायक्लोट्रॉनवर, म्हणजे हे औषध जिथं बनतं त्या यंत्रावर, पहाटे जी बॅच निघाली ती तपासणीत बसली नव्हती, दुसरी लावलीय. बाकावर आमच्यासारखे आठ-दहा उपाशी लोक. कुणी मालेगावचं, कुणी साक्रीचं. प्रत्येकाबरोबर डबा घेऊन आलेलं एक माणूस, आणि डबा उघडायचा नाही. कळण्याची भाकरी नि मिरचीचा ठेचा पिशवीतून वास मारत होता. तास गेला, दोन गेले. नाना दर थोड्या वेळानं विचारत, "आखो कितला येळ?"

रागवावं तर कुणावर. पण हा उशीर साध्या औषधाचा नव्हता. सलाइनची बाटली उशिरा आली तरी ती सलाइनच असते. हे औषध रस्त्यात संपत येतं.

त्याचं नाव फ्लोरोडीऑक्सिग्लुकोज, सगळे एफडीजी म्हणतात. साखरेचाच रेणू, त्यात एका जागी फ्लोरिन-१८ बसवलेलं. हे फ्लोरिन निसर्गात मिळत नाही. सायक्लोट्रॉनमध्ये प्रोटॉनचा झोत एका खास, जड ऑक्सिजनच्या पाण्यावर सोडून ते बनवावं लागतं. बनल्या क्षणापासून ते मोडायला लागतं. ११० मिनिटांत निम्मं उरतं, पुढच्या ११० मिनिटांत त्याच्या निम्मं. मोडताना जवळजवळ दरवेळी ते पॉझिट्रॉन टाकतं. पोटॅशियम-४० जे लाखात एकदा करतं, ते हे शंभरात सत्त्याण्णव वेळा करतं.

गाडी आली. ड्रायव्हरनं शिशाची जाड पेटी दोन हातांनी उचलून आत नेली. काचेपलीकडे टेक्निशियन मुलगी जाड शिशाच्या आडोशामागे हात घालून काम करत होती, एवढ्याशा सिरिंजवर धातूचं जाडजूड कवच. मशीनमध्ये सिरिंज ठेवून तिनं आकडा वाचला, वेळ लिहिली, वजन विचारलं, साखर तपासली. आठ मिलिक्युरी. म्हणजे सेकंदाला सुमारे तीस कोटी अणू मोडणार. मी नानांच्या शेजारी उभा राहून मनात गोणीचा हिशेब लावत होतो, तेवढ्यात त्यांनी विचारलं, "भो, या सुईमा काय शे?"

"साखर," मी म्हटलं.

"साखर? मंग आपुन रातभर उपाशी काबर?"

प्रश्न बिनतोड होता. आणि उत्तरही चांगलं आहे. १९२०च्या दशकात जर्मनीत ऑटो वॉरबुर्ग यांनी दाखवलं होतं, की कर्करोगाच्या पेशी इतर पेशींपेक्षा कितीतरी जास्त ग्लुकोज ओढतात. शरीर आधीच साखरेनं भरलेलं असेल तर ही खुणेची साखर कुणी उचलणार नाही. उपाशी असेल तर हावऱ्या पेशी आधी उचलतील. आणि यात एक डाव आहे. नेहमीची साखर पेशीत गेली की तिच्यावर एक फॉस्फेट बसतं नि ती पुढे जळून जाते. या बनावट साखरेवर फॉस्फेट बसतं, पण पुढची पायरी तिला जमत नाही, कारण नेमकी तिथली जागा फ्लोरिननं अडवलेली. ती पेशीतच अडकून पडते. मग तासाभरानं बघायचं, कुठे कुठे साठली.

तो तास नानांनी एका मंद उजेडाच्या खोलीत एकट्यानं काढला. मोबाईल नाही, गप्पा नाहीत. बोललं तर घशाचे स्नायू साखर खातात आणि स्कॅनमध्ये घसा उजळतो, म्हणून बोलायचंसुद्धा नाही. आयुष्यभर बांधावरून हाका मारणाऱ्या माणसाला सर्वांत कठीण काय गेलं असेल तर हे. सुई, भूक, प्रवास याबद्दल ते नंतर कधी बोलले नाहीत. "तठे बोलू देतस नही" हे मात्र गावभर सांगितलं.

मी बाहेर बसून डिरॅकचा विचार करत होतो.

पॉल डिरॅक हा इंग्लंडमधला अतिशय मितभाषी माणूस. १९२८ साली त्यानं इलेक्ट्रॉनसाठी एक समीकरण मांडलं. पुंजयामिकी आणि आइन्स्टाइनची सापेक्षता एकत्र बसवायची होती, बाकी हेतू काही नव्हता. समीकरण सुरेख जमलं, पण त्याला नको असलेली उत्तरंही यायला लागली, ऋण ऊर्जेची. ही उत्तरं फेकून द्यायला तो तयार नव्हता. आधी त्याला वाटलं, हे प्रोटॉन असतील. वजनाचा मेळ बसेना. १९३१ मध्ये त्यानं लिहून टाकलं, की इलेक्ट्रॉनइतक्याच वस्तुमानाचा आणि उलट्या भाराचा एक कण असला पाहिजे. कुणीही पाहिलेला नाही असा. १९३२ मध्ये कॅलिफोर्नियात कार्ल अँडरसनच्या मेघकक्षात, म्हणजे कणांचा माग दाखवणाऱ्या वाफेच्या पेटीत, एक रेघ उमटली, इलेक्ट्रॉनसारखीच, पण चुंबकीय क्षेत्रात विरुद्ध बाजूला वळलेली. तो हा पॉझिट्रॉन.

समीकरणाच्या दोन बाजू जुळाव्यात म्हणून जो कण मानावा लागला, तो समीकरणानंतर चार वर्षांनी सापडतो, आणि पुढे कितीतरी दशकांनी माझ्या काकांच्या शिरेत सोडला जातो. या वाक्यावर मी वर्गात नेहमी थांबतो. पण त्या बाकावर ते वाक्य मला फारसं गोड वाटलं नाही. मध्ये पुष्कळ माणसं आहेत. सायक्लोट्रॉन बांधणारा अर्नेस्ट लॉरेन्स, १९५०च्या दशकात मेंदूतल्या गाठी पॉझिट्रॉननं शोधून पाहणारे बोस्टनचे लोक, १९७६ मध्ये एफडीजी पहिल्यांदा माणसाला देणारे फिलाडेल्फियातले डॉक्टर. त्यातल्या कुणालाच पूर्ण रस्ता दिसत नव्हता. डिरॅकला तर कॅन्सरशी काही देणंघेणंही नव्हतं. त्यामुळे "बघा, आज निरुपयोगी वाटणारं शास्त्र उद्या कसं कामाला येतं" हा आमच्या धंद्यातला ठरलेला युक्तिवाद मला जरा लबाडीचा वाटतो. त्यात आपण निकाल लागल्यावर लॉटरीचं तिकीट दाखवतो. न लागलेली तिकिटं दाखवत नाही.

न लागलेल्या, किंवा निदान तसं वाटणाऱ्या, एका तिकिटाची गोष्ट अगदी ताजी आहे.

म्युऑन हा इलेक्ट्रॉनसारखाच, पण २०७ पट जड कण. आकाशातून सतत बरसत असतो, आपल्या तळहातातून सेकंदाला एखादा आरपार जातो. जगतो फक्त दोन मायक्रोसेकंद. त्याचं स्वतःचं एक चुंबकत्व असतं, आणि डिरॅकच्या समीकरणातून त्या चुंबकत्वाचा एक आकडा निघतो, बरोबर २. प्रत्यक्षात तो दोनपेक्षा किंचित, हजारात एक भागाएवढा जास्त भरतो, कारण पोकळी खरी पोकळ नसते, तिथं कण क्षणभर उपजतात नि विरतात. १९४८ मध्ये ज्युलियन श्विंगर यांनी ही पहिली दुरुस्ती काढली. मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजला त्यांच्या थडग्यावर ते सूत्र कोरलेलं आहे. यापुढच्या दुरुस्त्या अधिकाधिक बारीक. आणि गंमत अशी, की आपल्याला अजून न सापडलेले कण निसर्गात असतील, तर तेही या आकड्यात आपला वाटा टाकून जातील. म्हणजे आकडा अतिसूक्ष्म मोजा, सिद्धांतानं अतिसूक्ष्म काढा, आणि दोन्हींत फरक दिसला तर काहीतरी नवीन आहे.

अमेरिकेतल्या ब्रूकहेवन प्रयोगशाळेच्या प्रयोगात फरक दिसला. तो खरा की काय हे बघायला २०१३ मध्ये पंधरा मीटर व्यासाचं अख्खं चुंबकाचं कडं न्यूयॉर्ककडून शिकागोजवळच्या फर्मीलॅबला नेलं, समुद्रमार्गे, नदीमार्गे, शेवटी रात्रीच्या वेळी रस्ते बंद करून. ७ एप्रिल २०२१ ला फर्मीलॅबनं जाहीर केलं, फरक आहेच. जगभर बातम्या झाल्या. त्याच दिवशी एका दुसऱ्या गटाचा सैद्धांतिक निबंध प्रसिद्ध झाला. महासंगणकावर अवकाशाची जाळी कल्पून केलेली आकडेमोड, आणि तिचं म्हणणं होतं, की फरक एवढा मोठा नाहीच, सिद्धांताचा जुना आकडाच थोडा खाली आलाय. बातम्यांत हा निबंध कोपऱ्यात गेला.

जुना आकडा कशावर उभा होता, तर इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळवून मिळवलेल्या मोजमापांवर. मला इथं थांबावंसं वाटतं, कारण ही तीच भेट आहे. नानांच्या शरीरात दोघं संथपणे भेटतात, तेव्हा त्यांच्यापाशी स्वतःच्या वस्तुमानाखेरीज काही नसतं, म्हणून नुसता प्रकाश निघतो. टकरीच्या यंत्रात दोघं प्रचंड वेगानं येतात, तेव्हा त्याच भेटीतून पायॉनसारखे जड कण उपजतात. किती उपजतात यावरून म्युऑनच्या आकड्यातला सर्वांत अवघड भाग काढत असत. २०२३ मध्ये रशियातल्या नोवोसिबिर्स्कच्या एका प्रयोगानं ही मोजणी केली तर ती आधीच्या सगळ्यांशी जुळेना. मग २०२५ च्या मे महिन्यात सैद्धांतिक मंडळींनी एकत्र बसून त्या मोजण्यांऐवजी जाळीवरची आकडेमोड धरली. जूनमध्ये फर्मीलॅबचा अखेरचा निकाल आला, अब्जात १२७ भाग इतक्या अचूकतेचा. दोन्ही आकडे जुळले. फरक मिटला. नोवोसिबिर्स्कची मोजणी बाकीच्यांशी का जुळत नाही, हे कोडं मात्र तसंच आहे.

त्या जूनमध्ये आमच्या विषयातल्या लोकांत जे वातावरण होतं त्याला सुतकी म्हणायला हरकत नाही. एवढी वर्षं, एवढी माणसं, आणि शेवटी काय, तर जुनंच बरोबर. मला तेव्हा सेंटरबाहेरचा बाक आठवला. तिथं बसलेल्या एकूण एक माणसाला एवढंच ऐकायचं होतं, की काही सापडलं नाही.

स्कॅनच्या खोलीत आम्हाला जाऊ देत नाहीत, पण नंतर डॉक्टरांनी पडद्यावर दाखवलं. मी फिजिक्सचा आहे म्हटल्यावर त्यांनाही हुरूप आला असावा. पॉझिट्रॉन मिलिमीटरभर जातो, इलेक्ट्रॉनला भेटतो, दोघांचं वस्तुमान संपतं आणि दोन गॅमा किरण बरोबर विरुद्ध दिशांना सुटतात. प्रत्येकाची ऊर्जा ५११ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट, कधीच कमी नाही, जास्त नाही, कारण ती थेट इलेक्ट्रॉनच्या वस्तुमानातून येते. भोवतालच्या कड्यातले स्फटिक दोन्ही किरण एकाच वेळी टिपतात, आणि त्यांना जोडणाऱ्या रेषेवर कुठेतरी साखर आहे हे कळतं. अशा असंख्य रेषांवरून चित्र तयार होतं. नानांचा मेंदू काळाभोर दिसत होता, कारण मेंदू उपाशीपोटीही साखर सोडत नाही. मूत्राशय काळं, कारण न अडकलेली साखर तिथून बाहेर जाते. मान मात्र फिकी होती. आधीच्या चित्रात तिथं काळा ठिपका होता तो गेलेला.

रिपोर्टवर लिहिलं होतं, डोव्हिल स्कोअर २. फ्रान्समधल्या डोव्हिल गावी २००९ मध्ये तज्ज्ञ जमले आणि त्यांनी लिम्फोमासाठी पाच पायऱ्यांची ही मोजपट्टी सुचवली. गाठीतला साठा छातीतल्या रक्तापेक्षा कमी, यकृतापेक्षा कमी की जास्त, अशी तुलना करतात. एक-दोन म्हणजे उत्तम. नानांनी रिपोर्ट हातात घेतला, आकडा शोधला नि चेहरा पाडला. "पाचमाईन दोन? म्हंजे नापास?" मास्तरांच्या घरात वाढलेल्या माणसाचा प्रश्न. समजावल्यावर हसले, आणि पहिल्यांदा डबा उघडला. तिथल्या मुलीनं सांगितलं होतं, आज संध्याकाळपर्यंत लहान मुलांना मांडीवर घेऊ नका, गरोदर बाईजवळ बसू नका, पाणी भरपूर प्या. घरी नातसून गरोदर. नानांनी ती रात्र खळ्यावर काढली, म्हणाले, अंगमा अजून आग शे. तोवर खरं तर शंभरातला एखादाच भाग उरला असेल, पण मी काही बोललो नाही.

परतीच्या रस्त्यात नानांनी विचारलं, हे औषध आपल्याकडेच का बनत नाही. मी गाडीत बसल्या बसल्या मोबाईलवर हिशेब केला. देशातला पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन २००२ साली मुंबईत परळला, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या किरणोत्सारी वैद्यक केंद्रात सुरू झाला. समजा, मुंबईहून फ्लोरिन आणायचं. नाशिकपर्यंत चार तास धरले तर शंभरातले बावीस उरतात. धुळ्यापर्यंत सहा तास, दहा उरतात. चोपड्याला आठ तास, पाच. म्हणजे नानांना चोपड्यात आठ मिलिक्युरी द्यायचे तर मुंबईत गाडी निघताना दीडशेच्या वर भरावे लागतील, एकट्या नानांसाठी. कसारा घाटात ट्रॅफिक लागला तर आणखी. पेट मशीन कुणीतरी आणून बसवेल, फीत कापेल, फोटो येईल. पण त्या मशीनपासून सायक्लोट्रॉन किती तासांवर आहे हे फीत कापणारा विचारत नाही. खानदेशात आपण अंतर नेहमी किलोमीटरमध्ये मोजतो. या औषधाच्या हिशेबात सातपुड्यातलं धडगाव हे नाशिकपासून किती किलोमीटर आहे याला अर्थ नाही. त्याची किती अर्धायुष्यं वाटेत जातात याला आहे.

नानांचा दुसरा प्रश्न जास्त अवघड होता. मी त्यांना डिरॅकची गोष्ट सांगत होतो. ते म्हणाले, "त्या मानुसले काय मिळनं?" नोबेल, मी म्हटलं. त्यांना तसं म्हणायचं नव्हतं. बागेत काही येणार नाही हे ठाऊक असताना माणूस राबतो कशासाठी, आणि त्याला पैसा कोण देतं, असं त्यांना विचारायचं होतं.

फर्मीलॅबचे पहिले संचालक रॉबर्ट विल्सन. १९६९ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेससमोर त्यांना विचारलं गेलं, या यंत्राचा देशाच्या संरक्षणाला काही उपयोग आहे का. त्यांनी सरळ नाही म्हटलं, आणि जोडलं, की देश राखण्याजोगा होण्यापुरताच त्याचा संबंध. याच विल्सननी १९४६ मध्ये एक छोटा निबंध लिहिला होता, प्रोटॉनच्या झोतानं शरीराच्या आत खोलवरची गाठ जाळता येईल, कारण प्रोटॉन आपली बहुतेक ऊर्जा थांबण्याच्या जागी टाकतो. आज खारघरला टाटा स्मारकच्या केंद्रात त्या पद्धतीनं उपचार होतात. काँग्रेसपुढे हा हुकमाचा पत्ता होता. गाजलेल्या त्या उत्तरात तो नाही. मला विल्सन आवडतात ते यामुळे.

पण नानांना अमेरिकेचं काय घेणं. त्यांना मी चाळीसगावजवळच्या पाटणचं सांगितलं. पाटणादेवीला ते नवरात्रात जाऊन आलेले आहेत. तिथं शके ११२८ चा एक शिलालेख होता, एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो उजेडात आणला. ते स्वतः मुंबईतले नावाजलेले डॉक्टर, ग्रँट मेडिकलच्या पहिल्या तुकडीतले. लेख सांगतो, की भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी इथं मठ काढला, आणि निकुंभ घराण्याच्या राजांनी त्याला दान दिलं. लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे. त्यात दानाचा तपशील येतो. पाटणच्या बाजारात जो माल विकायला येईल त्यावरचा राजाचा कर मठाला. म्हणजे आठशे वर्षांपूर्वी खानदेशातल्या बाजारात धान्य घेणाऱ्या माणसाच्या खिशातला दिडका-दाम ग्रहगणितावर खर्च होत होता. ग्रहणाची वेळ त्यातून मिळत असेल, पंचांग मिळत असेल. पण भास्कराचार्यांच्या सिद्धांतशिरोमणीतलं सगळं गणित पंचांगासाठी लागत नाही. बराचसा भाग गणित करणाऱ्याला राहवत नाही म्हणून आहे.

नाना बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, बाजार समितीतही आपण सेस देतो, तो कुठं जातो ते तरी कुणी दगडावर लिहून ठेवावं.

यात मला बोलायला जागा राहिली नाही.

या सगळ्याला अलीकडे आणखी एक फाटा फुटलाय, आणि तो मला म्युऑनच्या निकालापेक्षाही वेधक वाटतो. पॉझिट्रॉन आणि इलेक्ट्रॉन भेटल्यावर दरवेळी लगेच संपत नाहीत. पुष्कळदा दोघांची क्षणभर जोडी जमते, हायड्रोजनसारखा एक अणू बनतो, ज्यात प्रोटॉनच्या जागी पॉझिट्रॉन. त्याला पॉझिट्रोनियम म्हणतात. निर्वातात त्याचा दीर्घायुषी प्रकार १४२ नॅनोसेकंद टिकतो, आणि हे आयुष्य सिद्धांतानं फार बारकाईनं काढता येतं. शरीरात ते काही नॅनोसेकंदांवर येतं. नेमकं कितीवर, हे भोवतालच्या रेणूंमधल्या पोकळ्यांवर आणि ऑक्सिजनवर अवलंबून असतं. आजचा पेट स्कॅन फक्त विचारतो, कण कुठं संपला. पोलंडमध्ये क्राकोच्या यागिएलोन्स्की विद्यापीठातल्या गटानं विचारायला घेतलं, संपण्याआधी किती जगला. २०२४ मध्ये त्यांनी माणसाच्या मेंदूचं, त्यात गाठ असलेल्या मेंदूचं, पॉझिट्रोनियमच्या आयुष्यावरून काढलेलं पहिलं चित्र प्रसिद्ध केलं. अजून ही सुरुवात आहे, रुग्णालयात यायला वेळ आहे. पण त्यांच्या यंत्रात महागड्या स्फटिकांऐवजी प्लास्टिकच्या पट्ट्या वापरल्या आहेत, आणि तालुक्याच्या गावात बसून हे वाचणाऱ्याची नजर आधी तिथं जाते.

त्या चित्रासाठी त्यांनी फ्लोरिन वापरलं नव्हतं, गॅलियम-६८ वापरलं होतं. त्याचं अर्धायुष्य आणखी कमी, ६८ मिनिटं. तरी त्याला सायक्लोट्रॉन जवळ लागत नाही. जर्मेनियम-६८ भरलेलं एक छोटं यंत्र विभागात ठेवतात. जर्मेनियमचं अर्धायुष्य २७१ दिवस, ते सावकाश मोडून गॅलियम बनत राहतं. सकाळी त्यातून द्रावण काढून गॅलियम धुऊन घ्यायचं, तीन-चार तासांनी पुन्हा भरतं. दारात गाय बांधल्यासारखं, वर्षभर दुभती. प्रोस्टेटच्या कर्करोगाला आणि काही विशिष्ट गाठींना हे गॅलियम चालतं. नानांच्या लिम्फोमाला नाही. त्यांना फ्लोरिनच लागणार, आणि पुढच्या खेपेलाही रात्री निघावं लागणार. पण जळगाव, धुळे, नंदुरबार, तिन्हीकडे आता सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. तिथं कधी अणुवैद्यक विभाग मागायचा झाला, तर कुठल्या रुग्णाला काय चालतं आणि ते किती मिनिटं टिकतं, इथून सुरुवात व्हायला हवी. आणि माणसं. शिशाच्या आडोशामागे हात घालणारी, बॅच तपासून नापास करण्याचा अधिकार असलेली माणसं. त्या सकाळी आम्ही दोन तास उपाशी बसलो ते कुणीतरी आपलं काम नीट केलं म्हणून, हे मला तेव्हाही कळत होतं, पण भूक लागली की कळण्याला फार किंमत राहत नाही.

एमएस्सीच्या वर्गात आता मी पॉझिट्रॉन शिकवून झाला की भाभा केंद्राच्या रेडिओलॉजिकल फिजिक्सच्या पदविकेबद्दल सांगतो. फिजिक्सवाल्यांना तिथून थेट कॅन्सर रुग्णालयात काम मिळतं, हे आमच्याकडच्या पोरांच्या कानावरच आलेलं नसतं. बी.एड. किंवा स्पर्धा परीक्षा, एवढे दोनच रस्ते. परवा तास संपल्यावर शिरपूरकडची एक मुलगी थांबली. प्रवेश परीक्षेचं विचारलं, अभ्यासक्रमाचं विचारलं, सगळं वहीत उतरवलं. मग वही मिटून म्हणाली, "सर, घरचे मुंबईला पाठवतील, पण हॉस्टेल मिळतं का ते आधी सांगा." मी म्हटलं, चौकशी करून सोमवारी सांगतो.